मोठे टायर आणि बागेच्या वाटेवरचं वळण

माझ्या नवऱ्याच्या हृदयाची ताकद निम्म्याहून कमी उरली आहे, हे डॉक्टरांनी एप्रिलमध्ये सांगितलं. त्याच दमात त्यांनी अट घातली. धाप लागली तर तासाभरात दवाखान्यात पोचता येईल अशा ठिकाणी राहा. ते जमत नसेल तर कोल्हापुरात या.

आम्ही तेव्हा चंदगडच्या वर डोंगरात, आमच्या काजूच्या बागेत राहत होतो. हे मूळचे नेसरीचे. नोकरी संपल्यावर ह्यांनी ती जागा घेतली, रोपांचा एकेक खड्डा स्वतः उभं राहून काढून घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. मंगळवार पेठेत आमचा फ्लॅट आहे, पण तिथं चार दिवस झाले की हे गप्प होतात आणि जेवण निम्म्यावर येतं. तेव्हा प्रश्न सरळ होता. भर पावसात जीप बागेतून खाली डांबरी रस्त्याला नेता आली, तर हे बागेत राहणार. डांबरीला लागलं की दवाखाना अर्ध्या तासावर. नाही आली, तर फ्लॅट.

बाग ते डांबरी रस्ता तीन किलोमीटर लाल माती. ट्रॅक्टरनं दोन्ही चाकोऱ्या खोल केलेल्या. पावसात मधला उंचवटा जीपच्या पोटाला टेकतो आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. जीप जुनी, चारही चाकांना जोर देणारी, आणि चालवते मी. तिचं पोट वर उचलायचं तर मोठे टायर हवेत. मे महिन्यात मी तिला घेऊन कोल्हापुरात आले.

आमच्या गल्लीच्या टोकाला मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांचे आजोबा टांग्याची चाकं बांधायचे, मिस्त्री जीपगाड्या बघतात.

“वैनी, टायर घालायला कितीसा येळ लागतोय?” मिस्त्री म्हणाले. “पर स्टेअरिंग फिरवलं की घासणार. त्याचं काय?”

“घासणार नाही असं करा. म्हणून तर तुमच्याकडं आणलीय.”

“पोरं रुबाबासाठी घालत्यात. त्यास्नी घासलं तरी चालतंय. ह्या वयात तुमाला कुठं रुबाब करायचाय?”

मी कारण सांगितलं. मग त्यांनी चेष्टा थांबवली आणि खडू मागितला.

त्यांची पद्धत अशी. टायरच्या कडेला ओला खडू फासायचा, स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवायचं आणि खडू कुठं पुसला ते वाकून बघायचं. पहिल्यांदा टायर आत, स्प्रिंगच्या पाट्यांना घासला. त्यांनी चाक जरा बाहेर राहील अशा रिमा घातल्या. आतलं घासणं थांबलं आणि बाहेर मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला सुरू झालं. तो कोपरा त्यांनी ग्राइंडरनं कापला आणि कड ठोकून आत वळवली. जीप स्प्रिंगांवर आणखी उंच करता आली असती, पण ते मी करू दिलं नाही. नुसत्या टायरनंच पायरी इतकी वर गेली होती की ह्यांना चढण्यासाठी मी जीपमध्ये एक लाकडी स्टूल ठेवलं.

रिकाम्या गाडीत खडू पुसला गेला नाही. मिस्त्री म्हणाले, आता वजन घालून बघू. आमच्या गल्लीत वजन मागवावं लागत नाही, ते आधीच भोवती उभं असतं.

“या पावणं, चढा मागं,” मिस्त्रींनी बघ्यांना हाक दिली.

“कुठं नेताय?”

“कुठं न्हाय. नुसतं बसायचं.”

“ह्या दादास्नी घ्या की, एकटंच तिघांचं काम करत्यात!”

“तुझ्या घरचं खातोय व्हय रं?”

सहा माणसं मागच्या बाकांवर बसली. मी स्टेअरिंग डावीकडं, उजवीकडं पूर्ण फिरवलं. खडू जसाच्या तसा. सगळ्यांनी चहा घेतला आणि मी दुसऱ्या दिवशी चंदगडला निघाले.

चूक तिथंच झाली होती. सहाही माणसं मागे बसली. मागे वजन पडलं की जीपचं नाक वर उचललं जातं, म्हणजे पुढचं मडगार्ड टायरपासून उलट लांब जातं. आम्ही सगळी खात्री सोयीच्या बाजूनं करून घेतली होती. मी वर्षानुवर्षं त्याच जीपमध्ये काजूची पोती भरते. माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं.

जूनमध्ये वाट चिखलानं भरल्यावर मी ह्यांना शेजारी बसवलं आणि खाली निघाले. मधला उंचवटा पोटाला लागला नाही. “आता ऑक्टोबरपर्यंत हलायला नको,” हे म्हणाले. इतकं खूश मी त्यांना आजारानंतर पाहिलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर एक वळण आहे, जवळजवळ माघारी फिरणारं. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला खोल ओघळ. खडक वनखात्याच्या हद्दीत, त्यामुळं फोडता येत नाही. मी ब्रेक दाबला, वजन पुढं आलं, नाक खाली बसलं. स्टेअरिंग फिरवताना कर्रकन आवाज झाला आणि ते अर्ध्यात अडकलं. जीपचं तोंड ओघळाकडं. ती थांबली हे नशीब. मी मागे घेतली आणि कशीबशी वळवली.

मी मिस्त्रींना फोन केला.

“सगळी मागंच बसवली की आपण,” ते म्हणाले. “चूक माझी हाय वैनी. मी येतो.”

ते दुसऱ्या दिवशी एसटीनं पाने-पकडी घेऊन आले. मडगार्ड आणखी कापायला जागा नव्हती, मागे बॉडीचा खांबच होता. उरला होता एक बोल्ट. चाक किती वळावं हे तो ठरवतो. तो पिळून थोडा बाहेर आणला की चाक त्याला आधीच अडतं, कमी वळतं, मडगार्डपर्यंत पोचतच नाही.

“पर मग गाडी मोठी गोल घेऊन वळणार,” मिस्त्रींनी आधीच सांगितलं.

बोल्ट बाहेर आणला. ह्या वेळी मिस्त्री स्वतः बॉनेटवर बसले, मी स्टेअरिंग फिरवलं. कुठंही घासलं नाही. मग आम्ही वळणावर गेलो आणि जीप वळली नाही. पुढं, मागं, पुन्हा पुढं, असं तीन वेळा करावं लागलं. मागे घेताना आरशात फक्त गवत दिसतं, ओघळाची कड दिसत नाही. मिस्त्री मागे उभे राहून हात करत होते म्हणून जमलं. बागेतली माणसं संध्याकाळी खालच्या गावात जातात. वर आम्ही दोघंच.

पुढच्या आठवड्यात पाऊस चालू असताना मी पुन्हा करून पाहिलं, एकटीनं जमतं का ते. हे शेजारी होते. दुसऱ्यांदा मागे घेताना मागचं चाक घसरलं. मी ब्रेक दाबून बसले. मी काही म्हणायच्या आत ह्यांनी दार उघडलं, स्टूल खाली टाकलं आणि उतरले. मागे जाऊन चिखलात उभे राहिले आणि हात वर केला.

“घे... घे... अजून घे... बास!”

जीप वळली. आरशात त्यांचा हात होता, मग नव्हता. मी धावत गेले. खडकाला टेकून उभे होते, ओठ काळेनिळे. बोलता येत नव्हतं. वीस मिनिटं आम्ही तसेच पावसात उभे राहिलो. मी त्यांना हलवायला घाबरत होते.

“जमलं की,” शेवटी ते म्हणाले.

“तुम्ही उतरलात म्हणून.”

“मग उतरीन.”

“धाप लागलेली असताना?”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्ट ओलाच होता.

संध्याकाळी मी मिस्त्रींना फोनवर विचारलं, जुने टायर परत घालू का? “घाला की,” ते म्हणाले. “मग वळणार, पर वळणापतूर येणार न्हाय.” त्यांनी तास-दीड तास इतर गॅरेजवाल्यांशी बोलून आणखी दोन उपाय सांगितले. दोन्हींत जीप उंच होत होती, म्हणजे ह्यांना स्टुलावरूनही चढता आलं नसतं.

पुढच्या मंगळवारी आम्ही बाग सोडून कोल्हापुरात आलो. त्याआधी मी दोन दिवस कपडे, औषधं, भांडी बांधत होते. हे बाहेर खुर्चीत बसून होते. “तुमचं काय काय घ्यायचं?” मी विचारलं.

“मला तिथं काय लागतंय?”

मी त्यांचं सगळंच घेतलं. वळणावर बागेतली दोन माणसं मागे उभी केली होती, तरी हे दाराच्या कडीला हात लावून बसले होते. मी तो हात काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

फ्लॅटपासून दवाखाना आठ मिनिटांवर आहे. मी दोनदा जाऊन बघितलं. डॉक्टर म्हणाले, योग्य निर्णय घेतलात. तो घेतल्याला आता तीन महिने झाले. ह्यांना धाप एकदाही लागलेली नाही. ते सकाळी उठतात, खिडकीजवळ बसतात, निम्मं जेवतात आणि परत खिडकीजवळ बसतात. बागेविषयी विचारत नाहीत. मी सांगायला गेले तर “असू दे” म्हणतात. दवाखान्यात जायची पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे, आणि आम्ही दोघंही तिच्यासारखेच, भरून ठेवल्यासारखे बसून आहोत.