तांबड्या शाईतल्या भेगा

बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षं मी पाणी शोधणाऱ्या एका सरकारी पथकात नकाशे काढायला होतो. आमचे साहेब नुकतेच परदेशात प्रशिक्षण घेऊन आले होते आणि येताना एक सिद्धांत सोबत घेऊन आले होते. जमिनीखालचा खडक म्हणे सतत बारीक कुरकुरत असतो. जिथे भेगा जास्त, तिथे कुरकुर जास्त. जमिनीत यंत्रं पुरायची, हादरे कागदाच्या पट्टीवर उमटवायचे, ते कुठून आले हे नकाशावर मांडायचं, की भेगांचं जाळं दिसतं आणि भेगांत पाणी असतं. सिद्धांत बिचारा चांगला असावा. तो आमच्या साहेबांच्या हाती लागला, याला त्याचा इलाज नव्हता.

मेडशीच्या पलीकडच्या एका गावाला एकच हातपंप मंजूर झाला होता. तो गावात बसवायचा की बौद्ध वस्तीत, हे आमची यंत्रं ठरवणार होती. वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत ताटकळावं लागे. कायदा झाला होता, पण तो विहिरीपर्यंत पोचला नव्हता. त्यांना पंप हवा होता तो यासाठी. गावाला तो हवा होता, कारण वस्तीला हवा होता.

साहेबांनी दवंडी पिटवली की दोन दिवस कुणी कांडायचं नाही, गाडी हाकायची नाही, उगाच फिरायचं नाही. वस्तीने हे अक्षरशः पाळलं. बकऱ्या वावरात नेऊन बांधल्या. मुसळं कोपऱ्यात उभी केली. एक म्हातारी दारोदार फिरून पोरांना गप्प करत होती, तीही अनवाणी.

गावात मात्र सरपंचाची पिठाची गिरणी होती. ‘‘साहेब, गिरणी बंद ठेवली तं लोकायनं खावं काय?’’ सरपंचांनी विचारलं. साहेब दोन्ही दिवस त्यांच्याच ओसरीवर जेवत होते, त्यामुळे त्यांना हा मुद्दा लगेच पटला. इंजिन दिवसभर धडधडत राहिलं.

पट्टी पाहिली तेव्हा मला हसू आलं. गावाकडचे सगळे हादरे एकसारख्या अंतरावर होते. खडक इतका शिस्तीत कुरकुरत नाही. मी साहेबांना म्हणालो, ‘‘हे गिरणीचं इंजिन दिसतंय.’’

‘‘तुम्ही नकाशे काढता ना?’’ साहेब म्हणाले. ‘‘काढा.’’

मी काढला. गिरणीखालून चारी दिशांना तांबड्या शाईच्या भेगा सोडल्या. वस्तीची बाजू कोरी ठेवली आणि तिथे वळणदार अक्षरात लिहिलं, ‘अखंड खडक’. कचेरीत नकाशाचं फार कौतुक झालं. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गिरणीशेजारी भोक पाडलं. करडी भुकटी वर आली आणि येतच राहिली. पाण्याचा थेंब नाही. तरीही पंप बसवला, कारण तो मंजूर होता. ‘भेगा आहेत, परंतु कोरड्या’, असं साहेबांनी अहवालात लिहिलं आणि पुढच्या गावांची यादी मागवली.

सामान आवरताना ती म्हातारी घागर घेऊन माझ्यापाशी आली. ‘‘भाऊ, तुमी सांगतलं तसं आमी केलं. मंग आमच्याकडं काहून नाई खोदलं?’’

मी खरं ते सांगितलं. यंत्राने गिरणीचा आवाज धरला आणि साहेब त्यालाच भेगा समजले. वस्ती शांत होती, म्हणून तिथे काही नाही असं ठरलं.

तिने घागर खाली ठेवली. ‘‘मंजे आमी कांडत राह्यलो असतो, तं तुमी आमच्या दारात खोदलं असतं?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

तिने मान हलवली, घागर कमरेवर घेतली आणि ती गावच्या विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. ओतणारं अजून कुणी आलं नव्हतं.