भुईला न लागलेली वीणा

त्या दुपारची आठवण आली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. निजामी राजवटीची अखेरची वर्षं होती. मानवतजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळात दरसाल नामसप्ताह बसायचा. त्या साली त्यालाही परवानगी हवी, असा हुकूम आला. अर्ज मीच उर्दूत लिहून दिला. उत्तर आलंच नाही. देवाचं नाव घ्यायला सरकारची मंजुरी! मी तेव्हा देव मानत नव्हतो, तरी संतापलो. आणि वडिलांना, आमच्या दादांना, म्हणालो काय? "राहू द्या सप्ताह. मार बसला तर तुमचा मारुती येणार हाय का सोडवायला?" दादा नुसते हसले आणि सप्ताह बसवला.

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पाचव्या दिवशी दुपारी दादांचा पहारा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची पाळी, चालू असताना पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, जवान घेऊन आला. टाळकरी पांगले. एरवी मिशांना पीळ देणारे सगळे! मीही खांबाआड झालो, हे लपवून काय उपयोग?

"वीणा नीचे रखो," अमीन ओरडला.

"कुणाच्या तरी गळ्यात देतो मालक, मंग न्या कुठं न्यायचं ते. भुईवर न्हाई ठेवत," दादा म्हणाले आणि नाम घेत राहिले.

अमिनानं खूण केली. एका जवानानं दादांच्या नडगीवर काठी हाणली. एकदा, दोनदा. साठीच्या म्हाताऱ्यावर! तिसऱ्या फटक्याला दादांचे गुडघे दुमडले, आणि त्या मारणाऱ्यानंच काठी टाकून वीणा दोन्ही हातांनी वरच्या वर धरली.

"कोई लेव जी! बुड्ढा इसके वास्ते मार खाया," तो आमच्याकडे बघून ओरडला.

परक्या गावचा, परक्या धर्माचा माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी, आणि पोटचा पोरगा खांबाआड! माझीच मला शिसारी आली. पुढं होऊन मी वीणा गळ्यात घेतली. जवानानं काठी पुन्हा उचलली नाही. अमीन दादांना घेऊन तणतणत निघून गेला.

मी नाम घ्यायला लागलो. एकेक टाळकरी खालमानेनं परत आला आणि सप्ताह पार पडला. सुटून आलेले दादा लंगडत देवळातच आले.

"भुईला लागली का रे?"

"न्हाई, दादा."

मग ते खाली बसले.

त्या अमिनाला मी अजून माफ केलेलं नाही. देवानं केलं असेल तर त्याचं त्याला ठाऊक. दादांनी सगळा भार मारुतीवर टाकला होता, हे मात्र वीणा गळ्यात आल्यावर मला कळलं. आता दरसाल पाचव्या दुपारचा पहारा माझा असतो. उभा राहताना आधी त्या अनोळखी हातांना नमस्कार करतो, मग मारुतीला.