समासातली पेन्सिल

खिडकीतलं तिरपं ऊन माझ्या शाळेतल्या गणिताच्या जुन्या पाठ्यपुस्तकावर पडलं आणि समासात खोडलेल्या अक्षरांचे वळ दिसले. बाबा मराठी शाळेत शिकलेले. मला शिकवण्याआधी ते माझ्या या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात पेन्सिलीने मराठी शब्द लिहून ठेवत. त्रिज्या, जीवा. "अगं, टँजंट म्हणजे आपली स्पर्शिकाच की!" म्हणत खूश होत. वर्गात कुणी पाहू नये म्हणून मी सगळं खोडायची. त्यांनी कधी विचारलं नाही, फक्त दर धड्याला अधिक फिकट लिहीत गेले.

आता बाबा नाहीत. खोडलेले शब्द मी बोटांनी वाचते. शेवटच्या धड्यातले मी खोडलेच नव्हते. ते मुळातच इतके फिकट आहेत, की उन्हात धरूनही वाचता येत नाहीत.