मांडीचा बांध

रिहे गावच्या गेणबाचा अख्खा जन्म शेजारी बांध कोरतोय का, यावर डोळा ठेवण्यात गेला. असंच बघताना बांधावरून पाय सटकला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच मांडीमागच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा काढून गुडघ्यात बसवू."

गेणबाच्या मनात पाल चुकचुकली. हितलं काढून तितं, मग हितं काय ऱ्हायलं? ऑपरेशनआधी त्यानं बायकोकडून, रत्नाबाईकडून, सुतळीनं मांडी मोजून घेतली आणि मापावर गाठ मारली.

महिन्यानं तीच सुतळी मांडीला सैल पडली. काठी टेकत त्यानं तडक दवाखाना गाठला.

"पायाला काम नव्हतं, म्हणून मांडी बारीक झाली," डॉक्टर हसले. "व्यायाम करा, आपोआप भरेल."

गेणबानं सुतळी टेबलावर टाकली. "डॉक्टर, कोरलेला बांध आपसूक भरलेला कुनी बघितलाय का?"