वंदना ओव्हाळची पिवळी वायर

वंदना ओव्हाळ बंद पडलेल्या मशीनला लगेच हात लावायची नाही. आधी खोलीत असतील तेवढ्या सगळ्यांना समोर बोलवायची आणि एकच प्रश्न विचारायची, "कालपासनं हितलं काय काय हलवलं?" सगळे म्हणायचे, काहीच नाही. मग ती पिशवीतून वही काढायची आणि ज्याने ज्याने ‘काहीच नाही’ म्हटलं त्याचं नाव वेळेसकट लिहून घ्यायची. नाव लिहिलं जातंय म्हटल्यावर कुणाला तरी आठवायचं की झाडताना एक पिन निघाली होती, किंवा मोबाइल चार्जिंगला लावायला राउटरचा प्लग काढला होता. "मशीन कशाला खोटं बोलंल," ती म्हणायची. "त्याला नोकरी जायची भीती न्हाई."

मी मारुंजीतल्या एका खासगी शाळेत कारकून आहे. शाळेत सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. शाळा अण्णांची. अण्णा आमच्या भावकीतले, आणि माझी नोकरी त्यांनीच लावलेली. वंदना शेजारच्या जांबे गावची. बुद्धविहाराला लागून तिचं घर. वडील पंचायतीच्या पाण्याच्या लाइनी सांभाळायचे. गळती झाली की एकेक व्हॉल्व्ह बंद करत ते गळतीपर्यंत पोचायचे. तिची रीत तीच. एक वायर काढायची, थांबून बघायची, परत लावायची, मग दुसरी. "बा पान्याचं करायचा, मी ह्येचं करते. घाई केली न्हाई तर गळती सापडती."

हिंजवडीतल्या एका कंपनीने भंगारात काढलेली बावीस मशीन शाळेला दिली होती. बहुतेकांच्या डिस्क काढून घेतलेल्या. अण्णा म्हणाले, या डब्यांचं काय करायचं. वंदनाने त्यातलं एक बरं मशीन निवडून कपाटात ठेवलं, स्वतःची जुनी डिस्क बसवून त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, आणि बाकीची एकवीस मशीन वायरीने त्याला जोडली. विचार करायचं काम कपाटातल्या मशीनचं, बाकीच्यांनी नुसता पडदा दाखवायचा. पुण्यातल्या मोठ्या शाळांतसुद्धा एका मशीनवर दोन दोन मुलं बसत असताना आमच्याकडे प्रत्येक मूल आपापल्या मशीनसमोर बसायला लागलं. हे सगळं तिने तात्पुरत्या नेमणुकीवर केलं. तीन वर्षांनी तिने कायम करण्यासाठी अर्ज दिला. तो अर्ज मीच आवक रजिस्टरला चढवला.

पुढच्याच आठवड्यात कंपनीची माणसं लॅब बघायला आली. पालकांना बोलावलं होतं, बाहेर मांडव होता, माइक होता. वंदनाने सकाळी एकवीसच्या एकवीस मशीन चालू करून दाखवली आणि पाहुण्यांना आणायला फाटकापर्यंत गेली. लॅबमध्ये अण्णा आणि मी, दोघंच राहिलो.

भिंतीवर एक स्विच होता, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती पेटी. त्यातून एक पिवळी वायर खाली लोंबत होती. वंदना आपला लॅपटॉप त्या वायरीला लावून तपासणी करायची. अण्णांना पसारा खपत नाही. "पाहुणे यायचेत आणि हे काय लोंबकळतंय," असं म्हणत त्यांनी वायरीचं मोकळं टोक उचललं आणि त्याच पेटीतल्या एका रिकाम्या भोकात खोचून दिलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाहुणे आत आले तेव्हा एकवीस पडदे थिजलेले होते. मधल्या वेळात येऊन बसलेली मुलं कळा दाबत होती आणि काहीच होत नव्हतं. वंदना कपाटाकडे धावली, पण अण्णा पाहुण्यांना घेऊन बाहेरही पडले होते. मांडवात त्यांनी माइक हातात घेतला. म्हणाले, ज्यांना विश्वासाने किल्ल्या दिल्या त्यांनीच आजचा दिवस साधून लॅब बंद पाडली, कारण त्यांना कायम व्हायचं आहे. आणि मग जरा थांबून, "असल्यांना जवळ केलं की असंच व्हायचं." ‘असल्यांना’ म्हणजे कुणाला, हे मांडवात कुणालाही विचारावं लागलं नाही.

वीस मिनिटांत वंदनाला वायर सापडली. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली की निरोप त्याच वायरीतून गोल गोल फिरत राहतात, वाढत जातात, आणि बाकी कुणाला बोलायला जागा उरत नाही. तिने टोक उपसलं आणि एकवीस पडदे हलायला लागले. ती अण्णांसमोर आली. "ह्ये कुनी खोचलं?"

"तूच," अण्णा म्हणाले. मला वाटतं, आपण सकाळी काय केलं हे तोवर ते विसरलेही असतील. किंवा नसतीलही.

ती माझ्याकडे वळली. "मी फाटकावर गेले तवा सगळं चालू हुतं. भाऊसाहेब, तुमी हितंच हुता."

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

तिने वही काढली आणि लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी तिला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या सगळ्या किल्ल्या आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून घेऊन आली, आणि माझी सही घेतली. तिने मनात आणलं असतं तर घरी बसून आमची लॅब झोपवली असती. मी तसं म्हणालोही. खरं तर मला तिचा अंदाज घ्यायचा होता. ती म्हणाली, "त्ये लई सोपं हाय. सोपं मला नको. आणि मी सोडून देनाऱ्यातली बी न्हाई, भाऊसाहेब."

बातमी गावभर झाली. शाळेबाहेर ती ज्यांची मशीन बघायची, त्यातल्या एका दवाखान्याने आणि दोन क्लासवाल्यांनी तिला बोलवायचं बंद केलं. तिच्या वडिलांना पंचायतीत लोक हसत हसत विचारायचे, पोरीनं आज कुणाचं बंद पाडलं. ते पंचायतीच्या कट्ट्यावर बसायचे ते बसेनासे झाले.

मग तिने घरांमधली कामं घ्यायला सुरुवात केली. मारुंजीत आता प्रत्येक घरावर एक मजला चढलाय आणि प्रत्येक मजल्यावर हिंजवडीला जाणारे भाडेकरू आहेत. नेट बंद पडलं तर घरमालकाचा जीव खाल्ला जातो. वंदना जायची, एकेक वायर तपासायची, नेट चालू करायची. काम झालं की पिशवीतून एक जुना छोटा स्विच आणि एक हात पिवळी वायर काढायची. स्विच त्यांच्या राउटरला जोडायची आणि वायरीची दोन्ही टोकं घरातल्याच कुणाच्या तरी हातात द्यायची. "खोचा दोनी टोकं." ते खोचायचे. पेटीवरचे सगळे हिरवे दिवे एकदम लुकलुकायला लागायचे आणि घरातलं नेट जागच्या जागी मरायचं.

"ह्याला कट करावा लागतो का?" ती विचारायची. "कुनाच्या बी हातनं हुतं. शाळेत ह्येच झालं. ती वायर मी लोंबती ठेवली, येवढी माझी चूक. खोचली कुनी, ते दोघांना म्हाईत हाय."

नावं तिने कधीही घेतली नाहीत. तीन वर्षं, घरोघर, एवढंच. एका घरात दाखवून झालं की शेजारचे बोलवायचे. किराणा दुकानात लोक मला विचारायला लागले, भाऊसाहेब, ते दोघं कोण हो? मी हसायचो. आमच्या घरी तिने दाखवलं नव्हतं, पण माझ्या बायकोनेही बाहेर ऐकून विचारलं. मी सांगितलं, तिचं डोकं फिरलंय.

वाटेत भेटली तेव्हा मी एकदा म्हणालो, "वंदनाताई, झालं गेलं, आता पुरे की."

"तुमाला काय झालं, भाऊसाहेब? झालं त्ये मला झालं. पुरे कवा म्हनायचं त्ये बी मीच म्हनीन."

दुसऱ्या वर्षी तिचे वडील गेले. मी विहाराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो.

त्यानंतर वर्षभराने अण्णांच्या घरचं नेट बंद पडलं. त्यांची सून प्राजक्ता कंपनीचं काम घरून करायची. तिने शेजारणीकडून नंबर घेऊन वंदनाला बोलावलं. हे जुनं प्रकरण ती मारुंजीत राहायला येण्याआधीचं, तिला त्याचा पत्ता नव्हता. मी त्या सकाळी अण्णांच्या सह्या घ्यायला गेलो होतो. वंदना दारात दिसली तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

तिने नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीसारखी नावं लिहिली. पाऊण तासात दोष सापडला. गच्चीवरून येणारी वायर उंदराने कुरतडली होती. ती बदलली. नेट चालू झालं आणि प्राजक्ता तिथेच मीटिंगला बसली. मग वंदनाने पिशवीतला स्विच काढला, राउटरला जोडला, पिवळ्या वायरीचं एक टोक त्यात घातलं, आणि दुसरं टोक अण्णांच्या खुर्चीशेजारी नुसतं सोडून दिलं. पिशवी आवरत बसली.

मी त्या टोकाकडे बघत होतो. सांगायला हवं होतं, पण मी बोललो नाही. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. वायर लोंबत होती. त्यांनी दोनदा त्या टोकाकडे पाहिलं, वाकले, आणि जवळच्या रिकाम्या भोकात ते खोचून दिलं.

दिवे लुकलुकायला लागले. आतून प्राजक्ता म्हणाली, "परत गेलं."

वंदनाने पिशवी खाली ठेवली. "अण्णा, तुमीच."

अण्णा आपल्या हाताकडे बघत राहिले. प्राजक्ता बाहेर आली, तिने पेटी पाहिली, वायर पाहिली. ती याच क्षेत्रातली असल्याने तिला लगेच कळलं. "हे कुणी केलं?"

"भाऊसाहेबांना इचारा," वंदना म्हणाली. "भाऊसाहेब, आज लक्ष हुतं का?"

"होतं," मी म्हणालो.

"आणि शाळंत, त्या दिवशी?"

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. "त्या दिवशीही होतं," मी म्हणालो. तीन वर्षांत एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं, आणि ते मी बोललो तेव्हा त्याची गरज संपली होती.

"मला काय ठाऊक, असं होतं म्हणून," अण्णा हळूच म्हणाले.

"तुमाला ठाऊक नव्हतं, त्ये मला ठाऊक हाय. म्हनून तर मी तुमाला दगाबाज म्हनले न्हाई. तुमी मला म्हनला. माइकवर म्हनला. आता माइकवरच सांगा."

अण्णा म्हणाले, घरातलं घरात राहू दे. त्यावर प्राजक्ता बोलली. पुढच्या वर्षी आपली मुलगी त्या शाळेत घालायची आहे, ती असल्या शाळेत घालणार नाही, म्हणाली. सासऱ्यांशी ती तशी कधी बोलली नव्हती.

पालकसभेत अण्णा उभे राहिले. म्हणाले, वायर माझ्या हातून लागली होती, वंदनाबाबत तेव्हा जरा गैरसमज झाला. वंदना पालकांमध्ये शेवटच्या रांगेत होती. ती उठली. "गैरसमज न्हाई, अण्णा. आरोप." अण्णांनी माइक जवळ घेतला आणि म्हणाले, "आरोप केला. खोटा होता. माफ कर."

"न्हाई करत," ती म्हणाली. "माझ्या बाला ऐकायला मिळालं न्हाई." आणि खाली बसली.

संस्थेने तिला कायम नेमणुकीचं पत्र दिलं. तिने ते घेतलं, याचं मला नवल वाटलं. सोमवारी आली, मस्टरवर सही केली, दिवसभर लॅबमध्ये राहिली. एकवीस मशीन पुसली, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी चिकटवली, कोणती वायर कुठे जाते ते शुद्ध मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून लावलं. शाळा सुटताना राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. "मागच्या टायमाला काढलं हुतं. आता मी जाते. आवकला चढवा."

मी तो चढवला. माझ्याविषयी तिने कुठेही काही सांगितलं नाही, सभेतही नाही. गावाला अण्णांचं नाव कळलं आणि ‘दोघां’तला दुसरा कोण हे लोक विसरून गेले. मला वाटलं, आपण सुटलो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या भाडेकरूंचं नेट गेलं. बायकोने वंदनाला फोन लावला. बाकीच्या सगळ्या घरी ती जाते, तशी इथेही येईल असं तिला वाटलं. फोन ठेवून बायको माझ्यासमोर येऊन बसली. "ती म्हणते, तुमच्या घरी येणार नाही. का, ते भाऊसाहेबांना विचारा म्हणते."

मी टाळलं. ती उठली नाही. वरून भाडेकरू एकदा जिन्यात येऊन गेला. शेवटी मी सगळं सांगितलं, अगदी ‘लक्ष नव्हतं’पासून. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"तुम्ही बोलला असता, तर तेव्हा तिचे वडील होते ना?"

"होते," मी म्हणालो.