प्रागच्या चौकातला तिसरीचा वर्ग

सासूबाई बहरीनला आमच्याकडे राहायला आल्यापासून छत्रीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. आमच्या रिफा गावात गाडीतून उतरून मॉलच्या दारापर्यंत जायचं असलं तरी छत्री उघडतात. लांब दांड्याची, हळदीसारखी पिवळी. ईदच्या सुट्टीत प्रागला जायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला, "आई, तिथलं ऊन कोवळं असतं. छत्री राहू दे." त्यांनी ती बॅगेत तिरकी कोंबून आणलीच.

नवरा बँकेत आहे आणि सहलीचाही अभ्यास करतो. सकाळपासून प्रत्येक इमारतीसमोर त्याने आम्हाला उभं करून इतिहास सांगितला. जुन्या गावातल्या मोठ्या चौकात पोचल्यावर तो जोडमनोऱ्यांच्या चर्चचे फोटो काढायला गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला. आम्हा दोघींना बरंच वाटलं. आम्ही तिथल्या प्रसिद्ध घड्याळाखाली तास पडायची वाट बघत थांबलो. ऊन डोक्यावर आलं तशी सासूबाईंनी छत्री उघडून उंच धरली.

हळूहळू आमच्याभोवती माणसं जमू लागली. पांढऱ्या केसांची, चालायचे बूट घातलेली. सगळी सासूबाईंकडे बघत होती. एका आजींनी मला इंग्रजीत विचारलं, "सुरू कधी करणार?"

मी चौकभर नजर फिरवली. ठिकठिकाणी गाईड रंगीत छत्र्या वर धरून उभे होते, आणि ज्याच्या त्याच्या छत्रीखाली ज्याचा त्याचा घोळका. या लोकांच्या गाईडची छत्री पिवळी असणार.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण शब्द भलतेच निघाले. "आई, यांना तुमच्याकडून घड्याळाबद्दल ऐकायचंय."

"माझ्याकडून? मला काय माहीत त्यातलं?"

"दिसेल ते सांगा. मी इंग्रजीत सांगते."

सासूबाईंनी चिपळूणच्या शाळेत आयुष्यभर तिसरीचा वर्ग शिकवला आहे. समोर माणसं गप्प उभी दिसली की त्यांना राहवत नाही. त्यांनी घसा साफ केला.

इतक्यात तास पडला. घड्याळाच्या बाजूचा हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवू लागला. वरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि लाकडी संत एकेक करून डोकावून गेले.

"हा सापळा बघा," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर घंटा वाजवायचं काम, आणि जेवायला कोणी घालत नाही. म्हणून असा झालाय."

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. घोळका हसला. सासूबाईंना जोर आला.

"हे वरचे पाहुणे. खिडकीतून बघून जातात, आत बोलावलं तरी येत नाहीत."

शेवटी सोनेरी कोंबडा आरवला. सासूबाईंनी त्याच्याकडे नापसंतीने पाहिलं. "सगळं आटोपल्यावर हा आरवतो. घरात लाडावलेला दिसतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी हात वर करून गंभीर आवाजात इंग्रजीत विचारलं, "एक्स्क्यूज मी, हे कोणत्या शतकातलं?"

सासूबाईंनी छत्री बाजूला केली. "अरे, तू तिथे मागे काय करतोयस? पुढे ये."

नवरा टाळ्या ऐकून नुकताच येऊन उंच माणसांच्या मागे उभा राहिला होता, म्हणून त्याला आम्ही दिसलो नव्हतो. तो पुढे आला. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मी आपली घड्याळाकडे बघत राहिले.

मग खरी गाईड धावत आली. तरुण मुलगी होती, तिचीही छत्री पिवळीच. उशीर झाल्याबद्दल ती माफी मागू लागली, तर तिचे लोक तिला म्हणाले की आमचं सुरू झालंय. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. "कोंबड्याबद्दल काय सांगितलंत?" एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं, तेव्हा तिला हसू आवरेना. ती म्हणाली, "तुम्हीही चला आमच्याबरोबर."

नवरा लगेच तिच्या शेजारी जाऊन चालू लागला. आम्ही सगळ्यात मागे राहिलो. मघाच्या आजी सासूबाईंच्या छत्रीत शिरल्या. सासूबाई त्यांना मराठीत गुडघ्यांचं सांगत होत्या, आजी त्यांच्या भाषेत काहीतरी सांगून स्वतःच्या गुडघ्याला हात लावत होत्या. मी मध्ये पडून इंग्रजीत सांगू लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "तू राहू दे गं. आमचं चाललंय."