मी का चालतोय

मुलीने माझं पान तयार केलं तेव्हा त्यावर एकच रकाना रिकामा ठेवला होता. वर लिहिलं होतं, ‘मी का चालतोय’.

२०१८ सरत आलं होतं आणि मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. कासा भागातल्या मुलींच्या वसतिगृहाला अभ्यासिका बांधून द्यायची म्हणून डहाणूतल्या एका संस्थेने पदयात्रा ठरवली होती, डहाणूपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपर्यंत. आमच्यासारख्या वयस्करांनी गंजाडपासून सामील व्हायचं होतं. चालणाऱ्या प्रत्येकाने इंटरनेटवर स्वतःचं पान काढायचं, फोटो लावायचा आणि ओळखीच्यांना पाठवायचं. ज्याला वाटेल त्याने तिथेच देणगी द्यायची, खाली दोन शब्द लिहायचे. मुलगी पुण्याला असते. तिने तिथे बसून सगळं जमवलं आणि फोन केला.

“बाबा, तेवढा रकाना तुम्हीच भरा. लोक तेच वाचतात.”

मी लिहिलं, ‘तेहतीस वर्षं मी या तालुक्यातल्या शाळांत शिकवलं. एकाही मुलीची शाळा अर्धवट सुटू नये, म्हणून मी चालतोय.’

लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. छान वाटलं.

जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पान फिरलं. एक रेल्वेत आहे, एकाची घोलवडला चिकूची वाडी आहे, एक स्वतःच शिक्षक झालाय. ‘सर, तुमच्यामुळे घडलो,’ ‘सर, तुमची गणितं अजून आठवतात.’ जेवण झालं की मी चष्मा लावून बसायचो आणि नवीन काय आलं ते बघायचो. बायको म्हणायची, “परीक्षेचा निकाल लागल्यासारखं काय बघता?” पण मला खरंच तसं वाटत होतं. आपला निकाल लागलाय आणि आपण चांगले पास झालोय.

सहाव्या दिवशी एक मजकूर आला. लिहिणारीने थोडी देणगीही दिली होती.

‘सर, माझी शाळा तुमच्यामुळे सुटली. सातवीत. सेल मी घेतले नव्हते.’

खाली नाव होतं. नाव वाचल्याबरोबर चेहरा आठवला, आणि बसल्या जागी माझे कान तापले.

पंधरा मिनिटांत मुलीचा फोन आला. “बाबा, कोण आहे ही? काढून टाकू का? पान आपलं आहे, आपल्याला काढता येतं.”

‘काढ’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. मी म्हटलं, “संध्याकाळी सांगतो.”

घडलं होतं ते असं. आमच्या शाळेत एक रेडिओ होता. मुलांचे कार्यक्रम लागले की व्हरांड्यात आणून ठेवायचो. एक दिवस त्यातले सेल गायब झाले. मी दप्तरं तपासली. सातवीतल्या या मुलीच्या दप्तरात दोन सेल सापडले. ती म्हणाली, “सर, हे आमच्या बॅटरीतले जुने आहेत. बापाने दिलेत. कासाच्या दुकानात दाखवून असलेच नवीन आणायचे आहेत.” मी ते रेडिओत घालूनसुद्धा बघितले नाहीत. प्रार्थनेला सगळी शाळा उभी असताना तिला पुढे बोलावलं, चोर म्हटलं आणि थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही. पंधरवड्याने रेडिओचे सेल मुख्याध्यापकांच्या कपाटात सापडले. सेलना पाणी सुटून रेडिओ खराब होऊ नये म्हणून रजेवर जाताना त्यांनीच काढून ठेवले होते. तिचा पाडा शाळेपासून तासाभराच्या वाटेवर होता. जाऊन सांगायला हवं, हे मला कळत होतं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करता करता माझी बदली झाली.

संध्याकाळी मी फोनवर माझ्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग तिला काय उत्तर देणार?”

“भेटून येतो,” मी म्हटलं.

चौकशी केली तेव्हा कळलं, ती विद्यार्थिनी सासरी कासाच्या पुढच्या एका पाड्यावर असते आणि तिथल्याच अंगणवाडीत काम करते. दोन दिवसांनी एसटीने कासाला गेलो, तिथून जीपने. अंगणवाडीत पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती आणि ती खिचडी वाढत होती. मला बघून तिने हातातला डाव पातेल्यात ठेवला.

“सर, तुम्ही इथं?”

“माफी मागायला आलोय,” मी म्हटलं. “सेल कपाटात सापडले होते. मला तेव्हाच कळलं होतं. मी आलो नाही.”

तिने पदराला हात पुसले. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा ‘जाऊ द्या सर’ म्हणेल. तिने दोन्ही केलं नाही.

“बापाने पण मारलं मला त्या दिवशी,” ती म्हणाली. “गुरुजी खोटं कशाला बोलतील, म्हणाला. मरेपर्यंत त्याला तसंच वाटत होतं.”

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, “तू सेविका आहेस का इथली?”

“सेविकेला दहावी लागते, सर. मी मदतनीस.”

“बाहेरून दहावीला बस. मी शिकवतो. पाहिजे तर इथे येऊन शिकवतो.”

“ते नंतर बघू.” तिने डाव पुन्हा उचलला. “सर, तुम्ही मारलंत सगळ्यांसमोर. मी लिहिलं तेही सगळ्यांसमोर. आणि माफी मागायला एकटेच इथं आलात.”

पोरं जेवायची थांबली होती. मी निघालो.

घरी येऊन स्वतःच टाइप करायला बसलो. एका बोटाने लिहायला दुपार गेली. तिच्या मजकुराखाली जे घडलं ते लिहिलं, काही न वगळता. मी मारलं, तिची चूक नव्हती, मला नंतर कळलं आणि मी गेलो नाही. वरच्या रकान्यातलं वाक्यही बदललं. ‘माझ्यामुळे एका मुलीची शाळा सुटली, म्हणून मी चालतोय.’ बायकोने वाचून विचारलं, “पाठवायचं नक्की?” मी बटण दाबलं.

त्यानंतर पानावर फारसं कुणी आलं नाही. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. “त्या काळी कोण मारत नव्हतं? कशाला उकरून काढलंस? मुख्याध्यापक वारलेत, त्यांचंही नाव खराब.” मी म्हटलं, त्यांची काही चूक नव्हती, आणि मी तसंच लिहिलंय. त्याने फोन ठेवला. माझ्या पानासाठी ठरवलेली रक्कम पूर्ण झाली नाही. मुलगी म्हणाली, “असू दे, बाबा.”

चार दिवसांनी त्या विद्यार्थिनीचा मजकूर आला. ‘वाचलं. आईकडे जाऊन तिलाही वाचून दाखवलं.’ बस, एवढंच. मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही.

जानेवारीत आम्ही चाललो. चारोटीच्या पुढे माझा गुडघा दुखायला लागला, शेवटचा टप्पा दोन तरुण पोरींच्या आधाराने पार पडला. इतरांच्या पानांवर चांगली रक्कम जमली होती, त्यामुळे पावसाळ्याच्या आत अभ्यासिका उभी राहिली.

ती दहावीला बसली नाही. मी एकदा फोनवर विचारलं, तर म्हणाली, “सर, माझी पोरगी आता आठवीत आहे. मला सोडा, तिचं गणित बघा.” तिची मुलगी त्याच वसतिगृहात आहे. मी आठवड्यातून दोनदा एसटीने जातो. पोरगी हुशार आहे आणि उलट प्रश्न फार विचारते. कधी कधी मला चिडायला होतं. मग मी खडू खाली ठेवतो, आणि तिचं बोलणं आधी पुरतं ऐकून घेतो.